तेरा मुलींचं घर आणि माझे साडू

जगात कुठलीही गोष्ट सरळपणे घडते यावर माझ्या साडूंचा विश्वास नाही. दूधवाला वेळेवर आला तरी त्यांना काळजी वाटते आणि उशिरा आला तरी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघंही रायस्वाइकला राहतो. मध्ये एक कालवा आणि दोन रस्ते, एवढंच अंतर. साडू रोज आगगाडीनं आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला जातात आणि तिथल्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात. माणूस आणि नोकरी यांची इतकी नेमकी गाठ देवानं क्वचितच घातली असेल. ऑफिसात त्यांचा फार मान आहे. घरात थोडा कमी आहे. "आमची पत्रिका यांनी तीन ज्योतिषांना दाखवली होती," असं माझी मेव्हणी सांगते. "तिघंही म्हणाले, जुळते. तर हे म्हणाले, तिघं एकमेकांच्या ओळखीचे दिसतात."

अशा माणसाच्या संशयाला हॉलंडमध्ये मोकळं रानच मिळालं. इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. रस्त्यानं जाताना समोरच्याचं अख्खं घर दिसतं. सोफा, मांजर, पेपर वाचणारे आजोबा. तुमच्याआमच्यासारखा माणूस संकोचून नजर वळवतो. साडू थांबतात. "ज्याला काही लपवायचं असतं ना, तोच इतकं उघडं ठेवतो," असं त्यांचं मत. इथला हाउसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, कुठल्याही दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्यानं या म्हणून सांगतो. त्यावर आम्ही सगळे चिडतो, साडू मात्र घाबरले. खोकला दाखवायला गेले होते ते मृत्युपत्राचं बोलत परत आले. "तपासलंसुद्धा नाही हो! म्हणजे बघताक्षणी त्याला कळलं असणार." चार दिवसांत खोकला आपोआप गेला. तो 'आपोआप' हा शब्द त्यांना आजतागायत खुपतो. एकदा ऑफिसातल्या कुणाच्या मुलीच्या वाढदिवसाला गेले. इथे वाढदिवस एकाचा असला तरी खोलीतला प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतो, अशी रीत आहे. वीस-पंचवीस माणसांनी हात हातात घेऊन साडूंचं अभिनंदन केलं. परतताना गाडीत म्हणाले, "माझं कशाबद्दल? यांना काय कळलंय?"

सगळ्यांत मोठी गंमत त्यांच्या डच भाषेची. साडूंना उत्तम डच येतं. रीतसर क्लास लावून, परीक्षा देऊन ते शिकले; पण बाहेर त्याचा एक शब्द काढायचे नाहीत. "आपल्याला समजतं हे त्यांना समजलं की बोलणं बदलतं," हा सिद्धान्त. त्यामुळे बारा वर्षं ऑफिसच्या कँटीनमध्ये, चीजचं सँडविच चावत, चेहरा कोरा ठेवून ते आजूबाजूचं सगळं डच बोलणं ऐकत आले. मी एकदा विचारलं, "मग बारा वर्षांत काय काय कळलं?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मुख्यतः हवामान." आणि किंचित ओशाळून पुढे म्हणाले, "पण कधीतरी बोलतीलच ना."

त्यांना एकच मुलगी, गार्गी. पाच वर्षांची असताना पुण्याहून आली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते आणि भांडण डचमध्ये करते. दिसायला हुबेहूब बापासारखी. तेच रुंद कपाळ, तेच कपाळावर चढणारं भुवईचं एक टोक. तिला युट्रेख्टच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि साडूंच्या आयुष्याचा कसोटीचा काळ सुरू झाला.

युट्रेख्टमध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणं महाकठीण. जिथे खोली रिकामी होते त्या घरातल्या मुली उमेदवार मुलींना चहाला बोलावतात, गप्पा मारतात आणि आवडेल तिला निवडतात. वधूपरीक्षाच, फक्त सासू एक नसून बारा. साडू खाली रस्त्यावर गाडीत बसून राहिले. गार्गी हसत बाहेर आली. तिला म्हणे विचारलं होतं, तू भाजी असतीस तर कुठली असतीस. "खोली देताना भाजी कशाला विचारतात?" साडूंनी मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, गंमत असेल. "ती काय म्हणाली माहितीये? कारलं. आणि तरी घेतली! आता मला सांगा, कारलं म्हणणाऱ्या मुलीला बारा जणी एकमतानं घरात का घेतील?" बारा त्या आणि ही तेरावी. तीन-तेरा वाजायला आणखी काय हवं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढे उलगडलं की त्या बाराही जणी एकाच मंडळाच्या सभासद होत्या. इथे कॉलेजातल्या मुलामुलींची अशी जुनी मंडळं असतात. त्यांची स्वतःची इमारत, स्वतःची गाणी, ठरलेल्या रंगाचे स्वेटर, पिढ्यानपिढ्या चालत आलेले नियम. हे फक्त मुलींचं मंडळ होतं. त्यात शिरायचं तर आधी सहा दिवस कुठल्याशा शेतावर शिबिराला जायचं, फोन जमा करायचे आणि तिथे जे होईल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. गार्गीनं हे सगळं अगदी आनंदानं घरी सांगितलं आणि बॅग भरायला घेतली.

मी त्या दिवशी तिथेच चहा पीत होतो. एरवी साडूंनी निदान अर्धा तास तर्क लढवले असते. त्या दिवशी ते फक्त "रॅगिंग" एवढंच म्हणाले आणि कप खाली ठेवला. "बाबा, धिस इज नॉट इंडिया," असं गार्गी म्हणाली. ते सहा दिवस मात्र रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. टीव्ही लावला तरी बघत नसत. मला वाटलं, नेहमीचंच संशयाचं भूत. जरा मोठं दिसतंय इतकंच.

शिबिराहून गार्गी परतली ती बसलेला आवाज, गुडघ्यावर काळानिळा डाग आणि एकदम खूश. काय झालं, कसं झालं, काही सांगेना. "आय कान्ट टेल यू, बाबा. वी प्रॉमिस्ड." झालं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी साडूंनी तिच्यापुढे छापील कागद ठेवला. त्यावर तेवीस प्रश्न होते, प्रत्येकापुढे उत्तराला जागा. 'गुडघ्याची इजा: प्रसंग, वेळ, साक्षीदार.' 'गाण्यांचा अर्थ काय, आणि ती कुणाला उद्देशून आहेत?' गार्गीनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आणि मग ती मराठीत बोलली. ही मुलगी मराठीत बोलते तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. "बाबा, तू मला विचारत नाहीस. तू मला तपासतोस." तिनं बॅग उचलली आणि सकाळच्याच गाडीनं युट्रेख्टला गेली. त्यानंतर तिनं शनिवार-रविवारी घरी येणं सोडलं. मेसेजला 'ओके' येई, कधी नुसता अंगठा. मेव्हणी डबा भरून ठेवी आणि सोमवारी तो आम्ही खात असू.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी साडू आमच्या दारात उभे. आभाळ गच्च भरलेलं आणि यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. "जरा युट्रेख्टला चक्कर मारून येऊ," म्हणाले. "सहज." सहज हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. युट्रेख्टला पोचल्यावर त्यांनी मला एका अरुंद, उंच घरासमोरून चार वेळा नेलं. दारात सायकलींचा ढीग, खिडकीला अर्थातच पडदा नाही. आत लांब टेबलाभोवती सात-आठ मुली बसल्या होत्या. त्या हातांनी टेबल बडवत एका सुरात काहीतरी गात होत्या. "बघा," साडू दातांखालून म्हणाले, "पंथ आहे हा." पाचव्या फेरीला खिडकी उघडली. एका ताडमाड मुलीनं डोकं बाहेर काढलं आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही गार्गीचे बाबा ना? ती लायब्ररीत गेलीये. कॉफी घेता?"

रुंद कपाळ चष्म्यात लपत नाही. पण साडू डगमगले नाहीत. "नो," ते म्हणाले. "वी आर टुरिस्ट्स."

पुढचे काही महिने असेच गेले. फेब्रुवारीत साडूंच्या घरी टपालानं एक कार्ड आलं. मंडळातर्फे वडील आणि मुलींचा दिवस. शनिवारी दुपारी सर्व वडिलांनी यावं. छापील मजकुराखाली गार्गीच्या हातची एक ओळही नव्हती. साडूंनी कार्ड उलटसुलट केलं, उजेडाला धरून पाहिलं. "फक्त बाप. आया नाहीत. एकेकट्याला गाठायचं धोरण दिसतंय." मेव्हणी म्हणाली, "नका जाऊ मग." त्यावर ते एकदम म्हणाले, "जाणार. पण साक्षीदार घेऊन." साक्षीदार म्हणजे मी.

दार त्याच ताडमाड मुलीनं उघडलं. फ्लूर तिचं नाव, मंडळाची अध्यक्ष. टुरिस्ट तिनं ओळखले, पण बोलली नाही. आम्हा दोघांकडे पाहून मात्र तिचा चेहरा उजळला आणि आत वळून ती ओरडली की गार्गीचे दोन बाबा आलेत. आतून आनंदाचा गलका झाला, दोघांच्याही छातीला निळी फीत लावली गेली, एका मुलीनं तर डोळे ओले करून माझा हात दाबला. दोन पुरुषांचं कुटुंब ही इथे नवलाची गोष्ट नाही; त्यांना आपलं मंडळ अधिकच समृद्ध झाल्यासारखं वाटलं. माझ्या लक्षात आलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी आहे असं मानणाऱ्या साडूंच्या लक्षात, नेमकं जिथे काहीतरी होतं तिथे, काही आलं नाही. "माणसं अगत्यशील वाटतात," ते कुजबुजले. "सांभाळून राहा."

गार्गी आली. माझ्या गळ्यात पडली, "काका, यू टू?" म्हणून हसली. बापाला तिनं "हाय बाबा" म्हटलं आणि पाण्याचा ग्लास दिला. पाहुण्याला देतात तसा. दोघं शेजारी शेजारी बसले आणि समोर बघत राहिले.

जेवणानंतर कार्यक्रम होता. प्रत्येक बापानं खुर्चीवर उभं राहून आपल्या विद्यार्थिदशेतली एक गोष्ट सांगायची. सहा-सहा फुटांचे डच बाप, पन्नाशीतले, एकेक करून खुर्चीवर चढले. कुणी सायकलसकट कालव्यात पडलेला, कुणी प्राध्यापकांच्या बागेत चुकून तंबू ठोकलेला. हसून हसून टेबलं बडवली जात होती. फ्लूरनं साडूंकडे पाहून म्हटलं, आता गार्गीचे बाबा. इंग्रजीत चालेल. गार्गीनं मान खाली घातली. तिला तो तेवीस प्रश्नांचा कागद आठवला असणार, कारण मलाही तोच आठवला. साडूंचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला होता.

साडू खुर्चीवर चढले. आणि डचमध्ये बोलायला लागले.

गार्गीनं झटकन मान वर केली. तिनं बापाच्या तोंडून ही भाषा जन्मात ऐकली नव्हती. क्लासात घोटलेलं, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवलेलं डच होतं ते. मलाही सगळं समजलं, इतकं सावकाश ते बोलत होते.

"माझ्याकडे गमतीची गोष्ट नाही," ते म्हणाले. "मी सतरा वर्षांचा असताना हॉस्टेलवर राहायला गेलो. माझ्या खोलीत शेळके नावाचा मुलगा होता. तो बोलताना अडखळायचा. मोठी मुलं रोज जेवणाच्या वेळी त्याला बाकावर उभं करायची आणि स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला लावायची. त्याला नाव सांगायला फार वेळ लागायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो, नाहीतर पुढचा नंबर माझा होता. तिसऱ्या आठवड्यात तो आंघोळीला गेला असताना मी ट्रंक उचलली आणि गावात एका मास्तरांकडे राहायला गेलो. त्याला सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी तो कॉलेज सोडून गेला. का गेला, कुठे गेला, हे मी कुणाला विचारलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही विचारलं नाही. आता विचारतो. जास्त विचारतो, असं माझी मुलगी म्हणते. म्हणून आज एकच विचारतो. तुमच्या शिबिरात कुणाला असं उभं करतात का?"

खुर्चीवर उभा असलेला हा बुटका, निळी फीत लावलेला माणूस उत्तराची वाट बघत होता. फ्लूरनं आजूबाजूच्या मुलींकडे पाहिलं, मग म्हणाली, "हे आम्ही बाहेर सांगत नाही. पण हो, करायचो. पूर्वीपासून चालत आलं होतं. नव्या मुलींनी रांगेत उभं राहायचं, आम्ही ओरडायचं, त्यांनी गप्प राहायचं. मीही उभी राहिले होते. या वर्षी दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, उभी राहा. तर गार्गीनं विचारलं, वारोम?"

वारोम म्हणजे 'का'.

"मी म्हटलं, अशी पद्धत आहे. ती म्हणाली, वारोम? मी म्हटलं, आम्हीही उभ्या राहिलो होतो. ती परत म्हणाली, वारोम? आणि ती त्या मुलीचा हात धरून खाली बसली, चिखलात. मग दुसरी बसली. मग सगळ्याच बसल्या. तो प्रकार आम्ही बंद केला. आमच्यात प्रत्येकीला एक टोपणनाव मिळतं. हिचं वारोम आहे."

डच बापांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी मात्र आपल्या हातांकडे पाहिलं. साडू खुर्चीवरून उतरताना जरा धडपडले, तेव्हा गार्गीनं त्यांना कोपराला धरलं आणि ते खाली उतरल्यावरही तो कोपर सोडला नाही. "गुडघा," साडू मराठीत म्हणाले, "तो डाग... चिखलात बसताना?" "नो, बाबा," ती म्हणाली. "दॅट वॉज सॅक रेस." पोत्यांची शर्यत. साडूंनी खिशातून घडी केलेला कागद काढला, पेन उघडलं आणि त्यावर काहीतरी लिहिलं. गार्गी इतकी मोठ्यानं हसली की पलीकडचा बाप दचकला.

स्टेशनपर्यंत ती आम्हाला सोडायला आली, सायकल हातात धरून. ती डचमध्ये बोलत होती आणि साडू डचमध्ये उत्तर देत होते, क्रियापदं चुकत, मधेच थांबून शब्द शोधत. ती त्यांना हसून दुरुस्त करत होती. मी मुद्दाम मागे राहिलो. दोन बाबांतल्या एकानं राहायलाच हवं होतं.

आता यावरून कुणाला वाटेल की साडू बदलले. तसं काही नाही. परतीच्या गाडीतच त्यांनी मला विचारलं, त्या फ्लूरनं इतकं खरं का सांगितलं असेल? परवा शेजारच्या बाईनं ट्यूलिपचे कांदे आणून दिले, ते त्यांनी आधी कुंडीत एकटे ठेवून पाहिले. पण एक गोष्ट झाली. त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात यावं म्हणून गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी निरोप पाठवत होतं आणि साडू 'यांना आत्ताच आपली आठवण का झाली' म्हणून टाळत होते. उन्हाळ्यात ते त्यात गेले. दोन आठवडे विचारपूस केली. मग एका रविवारी दुपारी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "शेळक्याचा नंबर मिळाला. तुमच्यासमोर लावतो."

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला नाही, त्यामुळे मला एकाच बाजूचं ऐकू आलं. साडूंनी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, खोली सांगितली. बराच वेळ ऐकत राहिले. "हो... हो का... वा, पंपांचं दुकान का... दोन्ही मुलं तिकडेच... छान." मग एकदम घाईघाईनं, "नाही, मला जरा सांगायचं होतं, तेव्हा मी जे..." पलीकडचा माणूस काहीतरी बोलला आणि हसला. हसणं मला ऐकू आलं. साडू म्हणाले, "येईन. नक्की येईन." फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, इतकी वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतं. खोलीत कोण होतं तेच आठवत नाही म्हणाला. म्हणाला, हॉस्टेल आपल्याला मानवलंच नाही, घरचं जेवण आठवायचं, म्हणून परत गेलो, बाकी काही नाही." साडूंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की. तुम्ही उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत. तो तर विसरलासुद्धा."

साडूंनी चष्मा काढून पुसला. नेहमीसारखी भुवई वर गेली नाही.

"विसरला नाही हो," ते हळूच म्हणाले. "सगळं घडाघडा बोलत होता. दुकान, मुलं, पाऊसपाणी, कुठे म्हणून अडखळला नाही. फक्त मी माझं नाव सांगितलं ना, तेव्हा ते परत म्हणायला त्याला फार वेळ लागला."